गेंडामाळावरचा अठरावा माणूस

पत्राचा गोषवारा : साताऱ्यातले एक दस्तलेखक लिहितात. वय ५६. कोर्टाबाहेर टेबल टाकून खरेदीखतं, बक्षीसपत्रं, प्रतिज्ञापत्रं लिहिण्यात ३० वर्षं गेली. मोडी वडिलांकडून आली. गेली चार वर्षं रात्रीची जेवणं उरकली की ते एक रहस्यकादंबरी लिहायला बसतात. काळ १८५३ ते १८५७. नायक दोन लबाड : कचेरीतून काढून टाकलेला एक मोडी कारकून आणि खेळातून हाकललेला एक सोंगाड्या. इनाम जमिनींच्या हक्कांचे कागद तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनच्या धास्तीनं हवालदिल झालेल्या लहानसहान इनामदारांना हे दोघं खोट्या सनदा करून देतात. एका रात्री एक गिऱ्हाईक येतं. त्याला जमिनीची सनद नको असते. पदच्युत होऊन काशीत वारलेल्या प्रतापसिंह महाराजांच्या शिक्क्याचं, मागची तारीख घातलेलं एक पत्र त्याला हवं असतं. तिथून दोघं एका कटात ओढले जातात.

अडचण अशी की थोरल्या भावानं, आण्णांनी, हस्तलिखित वाचून ‘हे छापायचं नाही’ म्हणून सांगितलं. घरात पिढीजात कुजबूज आहे की खापरपणजोबांनी इनाम कमिशनच्या काळात असलेच उद्योग केले होते. ‘कुळाला बट्टा लावू नकोस,’ हे आण्णांचं वाक्य. इतिहासाची आवड असलेला एक मित्र म्हणतो, दोघांना आतून देशभक्त कर, नाहीतर सातारकर खपवून घेणार नाहीत. ते ऐकून नववं प्रकरण नव्यानं लिहिलं आणि तेव्हापासून कादंबरी अडली आहे. मुलगी म्हणते, इतिहास काढून टाका आणि नुसतं रहस्य ठेवा. पत्रलेखक विचारतात : छापावी का? गाव बदलावं का? टोपणनाव घ्यावं का?

---

तुमची तेरा प्रकरणं पोहोचली. त्यातली आठ मी एका दुपारी वाचली, गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही. नवव्यात रेंगाळले आणि दहाव्यात मला डुलकी लागली. माझी सत्तरी आलीय हे खरं, पण दोष वयावर घालू नका. आठव्यापर्यंत मी टक्क जागी होते.

आठव्यात तुमचा कारकून कोरा कागद जुना करतो. चुलीवर धुरात टांगतो, मग घड्या घालून आठ दिवस कमरेला बांधून हिंडतो, घामानं घड्यांच्या रेघा पिवळ्या पडाव्यात म्हणून. तेवढ्या दिवसांत सोंगाड्या गिऱ्हाइकाच्या वाड्यावर जेवून-खाऊन आजोबांचं नाव, कुलदैवत आणि भाऊबंदांतली जुनी भांडणं गोळा करून आणतो. ही पानं ३० वर्षं दस्त लिहिलेल्या माणसालाच सुचणार. नवव्यात मात्र एक तरुण येऊन मायभूमीवर दीड पान बोलतो, दोघांचे डोळे पाणावतात आणि दहाव्यापासून ते खोटं बोलायचंच बंद करतात. लबाडानं लबाडी सोडली की त्याच्याजवळ उरतं काय? तुमच्या दोघांजवळ भाषणं उरलीत.

तेव्हा छापावी की नाही हे थोडं बाजूला ठेवू. सातारकर लबाड नायक खपवून घेणार नाहीत, हे तुम्ही मित्राच्या तोंडून ऐकलंत आणि मान्य करून टाकलंत. मला ते पटत नाही. ‘तोतया’ हा शब्द आपल्याकडे शाळेतल्या पोराला कळतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून जो उभा राहिला तो एक कनोजी ब्राह्मण होता. रत्नागिरीच्या किल्ल्यातल्या कैदेतून तो १७७६ मध्ये सुटला आणि बघता बघता हजारो माणसं त्याच्यामागे गेली. त्याच वर्षी पुण्यात त्याला ठार केलं. ती सगळी माणसं मूर्ख होती का? पानिपतात ज्यांचं माणूस गेलं आणि ज्यांना ना प्रेत मिळालं ना खात्रीची खबर, अशी घरं गावोगाव होती. खुद्द भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी सौभाग्यचिन्हं उतरवली नव्हती. तोतयानं फक्त त्या उघड्या दारातून पाऊल आत टाकलं. लोकांना त्याची गोष्ट अजून सांगाविशी वाटते ती त्या दारामुळे, त्याच्या चांगुलपणामुळे नव्हे.

मलाही एकदा फसवलंय. तेव्हा मी वाचनालयात नवी होते. पांढऱ्याशुभ्र धोतरातले एक गृहस्थ यायचे. एका मोठ्या ग्रंथाची आगाऊ वर्गणी गोळा करत होते. माझ्याकडून घेतली, माझ्या सांगण्यावरून आणखी सातजणांनी दिली. ग्रंथ काही आला नाही. पैसे मी कधीच विसरले. पण ते दर खेपेला आधी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करायचे, ती आजही आठवते. घरात दुसरं कुणी तेवढ्या आस्थेनं विचारत नव्हतं हो. तुमच्या सोंगाड्याला हे येतं, पहिल्या आठ प्रकरणांत ठासून येतं. त्याला देशभक्त करू नका, त्याला हे करू द्या.

मग दोघं कटात ओढले कसे जाणार? देशप्रेमानं नाही, हावेनं. एकच पत्र दोघांना विकण्याची बुद्धी कुठल्याही चांगल्या लबाडाला व्हायला हवी. गादीच्या नावानं माणसं उठवू पाहणाऱ्याला ते पत्र म्हणजे महाराजांची आज्ञा. त्या माणसांना पकडू पाहणाऱ्याला तेच पत्र म्हणजे फितुरीचा पुरावा. कागद एक, गिऱ्हाइकं दोन, आणि कुणाला काय विकलं हे एकमेकांना कळलं की गळा कारकुनाचा. इथून पुढचं तुम्हाला मी सांगायला नको.

असला बाजार साताऱ्यात याआधी भरलेला आहे, आणि हे तुमच्या कारकुनाला ठाऊक असणार, कारण तेव्हा तो ऐन पंचविशीत असेल. प्रतापसिंह महाराजांवर तीन आरोप ठेवले होते. पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवलं, गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधलं आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्या प्रकरणात शिक्के आणि कागद यांनाच केवढा भाव आला होता! कैदेतल्या गोविंदराव दिवाणांच्या आईच्या, गिरिजाबाईंच्या नावानं एक अर्ज सरकारात गेला होता. तो आपणच लिहिला असं सांगत पुढं कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा माणूस उभा राहिला, आणि त्या कामाच्या मोबदल्यावर त्याची नजर होती. म्हणजे एक अर्जनवीस, परक्या बाईचं नाव आणि पलीकडे राज्य. तुमच्या कारकुनाचा हा थोरला भाऊच की. इतिहास काढून टाका म्हणणाऱ्या तुमच्या मुलीला हा एवढा परिच्छेद वाचून दाखवा. रहस्य याच मातीत रुजलंय, कुंडीत लावलंत तर सुकेल. तिचं एक म्हणणं मात्र खरं आहे : पाचव्या प्रकरणात कंपनी आणि प्रतापसिंह महाराजांमधल्या १८१९ च्या तहाची जी चार पानं आलीत ती कापा. वाचकाला तह नको असतो, तहामुळे कुणाची झोप उडाली ते हवं असतं.

आता जिथं मी ठाम ‘नाही’ म्हणणार आहे ती जागा. तेराव्या प्रकरणात तुम्ही त्या दोघांना गेंडामाळावर नेलंत. ८ सप्टेंबर १८५७ ला तिथं १७ जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. ते १७ खरे होते. ‘चार भिंती’ या हुतात्मा स्मारकावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या पोरांना त्यातलं एक नाव सांगता येणार नाही, हे आपलं दुर्दैव. आणि तुम्ही तिथं अठरावा आणि एकोणिसावा उभा करताय. सनदेत एक नाव नंतर घुसडणं आणि हे, यांत तुमच्या कारकुनाला तरी फरक सांगता येईल का? मित्राच्या मते यानं कादंबरी उजळेल. मला वाटतं की इथं तुम्ही स्वतः खोटा शिक्का मारताय. आणि उलट बाजूनंही सांभाळा. तुमच्या कल्पित पत्रामुळे त्या १७ पैकी कुणी पकडला गेला असंही दाखवू नका. पत्राचा फटका तुम्ही निर्माण केलेल्या माणसाला बसू दे. सोंगाड्यानं ज्या घरी जेवून आजोबांचं नाव काढून आणलं, त्याच घरातला कुणीतरी असू दे. मग बघा सोंगाड्याच्या घशाखाली घास उतरतो का.

रंगो बापूजींना तुम्ही दोन प्रसंगांत बोलायला लावलंय. लंडनमध्ये राहून वर्षानुवर्षं महाराजांची बाजू लढवलेला हा माणूस १८५७ नंतर जो नाहीसा झाला तो सरकारला सापडलाच नाही. असं माणूस रहस्यकथेत दाराआडच शोभतं. त्यांचा जोडा दिसावा, खोकला ऐकू यावा, तोंडी वाक्य घालू नये.

कादंबरीचं नाव ‘साताऱ्याचे भामटे’ ठेवलंय, ते बदला. तुम्ही सहज वापरलंत, आपण सगळेच वापरतो. पण ‘भामटा’ हे एका समाजाचंही नाव आहे, विमुक्त जातींच्या सरकारी यादीत आजही आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो डाग कायद्यातून पुसायला १९५२ उजाडलं. तुमचे दोघं जन्मानं लबाड नाहीत, एक नोकरी गेली म्हणून आणि एक पोट भरेना म्हणून झालाय. तेव्हा ठक म्हणा, लबाड म्हणा, तोतये म्हणा. ‘चारसोबीस’ मात्र म्हणू नका. तिसऱ्या प्रकरणात कोतवाल म्हणतो, ‘अव्वल चारसोबीस आहेत’. दंडविधान १८६० चं, तुमचा कोतवाल सात वर्षं आधीच कलम वाचून बसलाय! (आणि २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ झालंय. पण ‘अव्वल तीनशे अठरा’ म्हणून बघा, मजा नाही येत.) ‘टोपी घालणे’ ठेवा, टोपीकरांच्या काळात ते दुहेरी शोभतं. पोवई नाक्यावरचा चहा काढा, काड्यापेटी काढा. चकमक द्या त्यांच्या हातात.

सोंगाड्या कुठल्या खेळातून हाकलला गेला ते तुम्ही मोघम ठेवलंय. सांगलीकर म्हणून जरा आगाऊपणा करते. आम्ही १९६० पर्यंत दक्षिण साताराच होतो, तेव्हा हक्क आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथं ‘सीता स्वयंवर’ केलं आणि १८५३ पर्यंत त्यांचे खेळ मुंबईला गेले. अशा एखाद्या मंडळीत राक्षसाचं काम करून आरोळ्या ठोकणारा गडी जर तुमचा सोंगाड्या असेल, तर त्याला दरबारी बोलणंही येईल आणि रात्री वाटेत कुणाला घाबरवणंही. मंडळी तुमच्या कल्पनेतली ठेवा म्हणजे झालं, भाव्यांच्या माथी चोर मारू नका.

आता आण्णा.

‘कुळाला बट्टा’ म्हणाले ना? बट्टा हा सराफाचा शब्द. नाणं झिजलेलं असो की परमुलखाचं, सराफ जेवढं कापून घ्यायचा तो बट्टा. कंपनीनं १८३५ मध्ये एकसारखा रुपया काढला तरी जुनी नाणी लगेच कुठं गेली, बट्टा चालूच राहिला असणार. म्हणजे नाणं खोटं आहे असं सराफ म्हणत नाही. या बाजारात ते पूर्ण किमतीला चालणार नाही, एवढंच म्हणतो. आण्णांना कुठला बाजार डोळ्यांसमोर आहे ते तुम्ही त्यांना विचारलंय का? पत्रावरून तरी वाटतं की त्यांनी एक वाक्य म्हटलं आणि तुम्ही हस्तलिखित घेऊन माडीवर गेलात. ‘थोरल्या भावाला इज्जतीची पडलीय’ हे तुमचं अनुमान आहे. कदाचित त्यांना नातीच्या लग्नाची काळजी असेल. कदाचित वाटण्या अजून कच्च्या असतील आणि कागद खोटा होता हे छापून आलं तर भाऊबंद उठतील अशी भीती असेल. तसं असेल तर आधी वकिलाला दाखवा, कादंबरी चार महिन्यांनी आली तर काही बिघडत नाही. इनामं १९५० च्या दशकात कायद्यानंच गेली, तेव्हा दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या सनदेवरून आज काही ओढवेल असं मला वाटत नाही. पण मी वाचनालयातली बाई, वकील नव्हे.

किंवा यांतलं काहीच नसेल. लहानपणी आण्णा ज्या खापरपणजोबांच्या तसबिरीला नमस्कार करून शाळेत जायचे (हे तुम्हीच लिहिलंय), त्यांना धाकट्या भावानं परवानगी न घेता चोर केलं, एवढंच दुखलं असेल.

आणि एक विचारते, राग मानू नका. खापरपणजोबांनी खोट्या सनदा केल्या हे तुम्हाला माहीत आहे की आवडतं? कुजबुजीपलीकडे तुमच्याकडे काही नाही. लबाड पूर्वज लेखकाला सोयीचा असतो. मलाही असा एखादा असता तर मी मिरवला असता. इनाम कमिशननं माणसांकडे कागद मागितले. ते कित्येकांकडे नव्हतेच. पुरात गेले, वाळवीनं खाल्ले, चुलतभावानं दडवले. अशा घरानं नाइलाजानं नवा कागद करून घेतला, तर जमीन खरी आणि सनद खोटी असा प्रकार होतो. तुमच्या कादंबरीत असं गिऱ्हाईक एकही नाही, सगळे लुच्चेच. एक तरी हवं. कदाचित खापरपणजोबांनी तेच केलं असेल, आणि ही शक्यता आण्णांना ऐकवण्यासारखी आहे.

गाव बदलू नका. साताऱ्याऐवजी ‘एक संस्थान’ लिहिलंत की यवतेश्वराची वाट, माहुलीचा घाट, अजिंक्यताऱ्यावरून खाली उतरणारं धुकं, सगळं पुठ्ठ्याचं होईल. घराण्याच्या खुणा बदला : आडनाव, गावचं नाव, कारकुनाची जात, भावांची संख्या. तसबीर काढून टाका. नातेवाइकाला स्वतःचा चेहरा दिसू नये आणि अनोळख्याला दिसावा, इतपत. टोपणनावाचं म्हणाल, तर कोर्टाबाहेर तुमचं अक्षर सगळा सातारा ओळखतो. चार दिवसांत कळेल, आणि मग लपवल्याचा बट्टा वेगळा.

घरातली जुनी गोष्ट घेऊन लिहू पाहणाऱ्यांची पत्रं मला वाईहून, कऱ्हाडहून, तासगावाहून येतात, म्हणून इथं थोडं त्यांच्यासाठीही. आधी गोष्ट ज्यांच्याकडून ऐकली त्यांचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. ती माणसं थांबत नाहीत. मग १८८५ चं सातारा जिल्ह्याचं गॅझेटियर चाळा. पिकं, बाजार, रस्ते, नद्यांचे उतार असं कादंबरीकाराला लागणारं बरंचसं त्यात आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. कमिशन सनदा त्याच दप्तराशी ताडून बघायचं, तेव्हा खोटेपणा नेमका तिथं उघडा पडायचा. मोडी येत नसेल तर शिका, वर्ग निघतात. आणि जिवंत माणसाला झोंबेल असं काही असेल तर त्याला छापण्याआधी वाचायला द्या. परवानगी मागायची असं नाही, पण पुस्तकाच्या दुकानात उभं राहून ते कळू नये.

तुम्हाला मोडी येतं, म्हणून शेवटचं फक्त तुमच्यासाठी. तुमच्या रहस्याची उकल मला कच्ची वाटली. कारकुनाचा कागद पकडला जातो तो शाईचा वास आल्यामुळे. एवढा धूर दिलेल्या कागदाला शाईचा कसला वास? तारखेवर पकडा. गुढीपाडव्याला शक बदलतो, पण शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी अंकनामांत लिहायचे तो सन, मृगाला. मधले दोनेक महिने शक नवा आणि शुहूर सन जुनाच. सलास सबैन मया व अलफ, म्हणजे ११७३, हा सन मृगापासून पुढच्या मृगापर्यंत चालतो, त्यात शक १६९४ ही येतो आणि १६९५ ही. कंपनीच्या कचेरीत इंग्रजी तारखा घालून हात बसलेला कारकून वैशाखातली सनद करताना शकाबरोबर शुहूर सनही पुढं ढकलणार, तिथं अरबा सबैन, म्हणजे ११७४, लिहून बसणार, आणि दप्तरातल्या कुणा म्हाताऱ्याच्या ते एका नजरेत ध्यानात येणार. कागद, शाई, शिक्का, मोर्तब सगळं बिनचूक, फक्त पाऊस दोन महिने आधी पडलेला.

पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की खापरपणजोबांच्या वेळची एक सनद आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि ती त्यांनी कुणाला उलगडू दिलेली नाही. आण्णांना मोडी येत नाही, हेही तुम्हीच लिहिलंय. हस्तलिखित घरी ठेवून एका रविवारी त्यांच्याकडे जा. कादंबरीचं नाव काढू नका. म्हणा, आण्णा, पेटी काढा, मी तुम्हाला वाचून दाखवतो. आणि तारखेपाशी आलात की जरा हळू वाचा.